घरचा हिशेब : टिंबापुढचे गुंठे

पैनगंगेच्या दक्षिणेस बेला, जैनथ, तामसी ह्या बाजूस ज्यांची शेते आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या असतात, आणि सोयरिकीच्या मागोमाग जमिनीचा एखादा तुकडाही कधी कधी तिकडचा वाट्यास येतो. अशा घराच्या पेटीत दोन प्रकारचे कागद शेजारी शेजारी ठेवलेले आढळतात. एक तेलंगण सरकारचे पट्टादार पासपुस्तक व दुसरा महाराष्ट्राचा सातबारा उतारा. दोहोंवर क्षेत्राच्या रकान्यात एक आकडा, मग टिंब, मग पुन्हा आकडे, अशीच मांडणी असते. पासपुस्तकावर २.३० असते, सातबाऱ्यावर १.२१ असते. दिसावयास दोन्ही टिंबे सारखीच. तथापि त्यांचा अर्थ निरनिराळा आहे, आणि हा भेद घरात कोणासही ठाऊक नसल्यामुळे शहाण्यासुरत्या माणसांचेही हिशेब चुकताना आम्ही पाहिले आहेत.

सातबाऱ्यावरील टिंब हे खरोखरीचे दशांश चिन्ह होय. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. तेव्हा १.२१ म्हणजे एक हेक्टर एकवीस आर, आणि एक पूर्णांक एकवीस शतांश हेक्टर म्हटले तरी तेच. पुढे कधी चौरस मीटरचे आणखी दोन आकडे असतात. तेही शंभराच्याच हिशेबाचे आहेत, कारण शंभर चौरस मीटरांचा एक आर होतो. पासपुस्तकावरील टिंब मात्र नुसते कुंपण आहे. कुंपणाच्या अलीकडे एकर, पलीकडे गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर होत असल्यामुळे २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे, अर्थात पावणेतीन एकर. दोन पूर्णांक तीन दशांश एकर नव्हे. ह्याची एक सोपी खूणही आहे. पासपुस्तकावर टिंबाच्या लगत पुढे जे दोन आकडे असतात, ते एकोणचाळीसच्या वर कधी जात नाहीत. चाळीस झाले की एकर वाढतो. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वी किनवट व राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे तिकडील घरांतही आजोबा-पणजोबांच्या वेळचे कागद एकर-गुंठ्यांचेच निघतात. ते वाचतानाही हीच खूण उपयोगी पडेल.

आता चूक कोठे होते ते पाहू. पूर्वी माणसे तोंडाने हिशेब करीत, तेव्हा ‘दोन एकर तीस गुंठे’ असे शब्द उच्चारले जात आणि शब्दच माणसास सावध करीत. आता खिशातला मोबाइल काढून त्यावर २.३० हा आकडा घातला जातो, आणि यंत्रास गुंठे ठाऊक नाहीत. ते टिंबास दशांश चिन्ह समजते. रयतू भरोसा योजनेत जानेवारी २०२५ पासून एकरी बारा हजार रुपये वर्षाला, म्हणजे हंगामास सहा हजार, असा दर ठरला. पावणेतीन एकरांचे एका हंगामाचे १६,५०० रुपये होतात. मोबाइलवर २.३० गुणिले ६,००० केले तर १३,८०० येतात. दोन हजार सातशे रुपये कोठे गेले? कोठेही गेले नाहीत. ते टिंबात बुडाले. सरकारी गणित गुंठ्यांनीच होते, त्यामुळे रक्कम बँकेत नीट जमा होते, ही गोष्ट निराळी. पण घरात जर मनाशी १३,८०० धरून ठेवले असतील, तर वरचे पैसे कोणी मधल्यामध्ये काढून नेले तरी घरच्यांस पत्ता लागणार नाही.

हा हिशेब करण्याची बिनचूक रीत म्हणजे प्रथम सर्व क्षेत्राचे गुंठे करणे. दोन एकरांचे ऐंशी व वरचे तीस मिळून एकशे दहा गुंठे. सहा हजारांस चाळीसाने भागले की गुंठ्यास दीडशे रुपये पडतात. एकशे दहा गुणिले दीडशे, झाले साडेसोळा हजार. २०१८ साली रयतू बंधू योजना सुरू झाली तेव्हा एकरी चार हजार होते, म्हणजे गुंठ्यास शंभर. पुढे पाच हजार झाले, तेव्हा गुंठ्यास सव्वाशे. शंभर, सव्वाशे, दीडशे हे आकडे शाळकरी मुलालाही तोंडी करता येतील असे आहेत. एवढे सोयीचे आकडे हाताशी असताना यंत्राच्या पाया पडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

सरकारशी व्यवहार असतो तेथे निदान आकडे छापील असतात. शेजाऱ्याशी मक्त्याचा व्यवहार असतो तेथे तेही नसते. समजा, एका विधवा बाईने आपले ३.२० एकर-गुंठे शेत एकरी पंधरा हजारांप्रमाणे वर्षाच्या मक्त्याने दिले. साडेतीन एकरांचे ५२,५०० व्हावयास हवेत. मक्तेदाराने मोबाइल पुढे धरून ४८,००० दाखविले, तर त्याच्या मनात कपट असेलच असे नाही. यंत्रच तसे सांगते. तथापि ही चूक नेहमी एकाच बाजूस झुकते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुंठ्यांस शतांश समजले की क्षेत्र कमीच भरते, जास्त कधीही भरत नाही, कारण चाळीसावा हिस्सा हा शंभराव्या हिश्शाच्या अडीचपट असतो. मक्त्याचा व्यवहार असो वा विक्रीचा, घाटा जमीन देणाऱ्याच्याच पदरी पडतो. आणि आपल्या गावांत जमीन मक्त्याने देणारी माणसे बहुधा म्हातारी, एकटी किंवा आजारी असतात. नांगरटीची मजुरी एकराप्रमाणे ठरली असेल, तर हाच घाटा नांगरणाऱ्याच्या अंगावर जातो. बेरजेतही हाच घोटाळा आहे. १.२५ आणि १.२५ ह्यांची बेरीज यंत्र २.५० सांगेल. पंचवीस व पंचवीस पन्नास गुंठे, त्यांतले चाळीस गेले एकरात, उरले दहा. म्हणून खरी बेरीज ३.१० आहे. यंत्राच्या २.५० ला कोणी अडीच एकर समजला, तर तीस गुंठे जमीन कागदावरच नाहीशी झाली!

वर अडीचपट हा शब्द आला, त्यावरून घरातील वडीलधाऱ्यांस काही आठवले असेल. जुन्या मराठी शाळांत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेत. औट म्हणजे साडेतीन. थोडक्या दिवसांच्या सत्तेला आपण औटघटकेचे राज्य म्हणतो, तोच हा औट. लिहितानाही पाव, अर्धा, पाऊण ह्यांसाठी एक, दोन, तीन उभे दंड असत. २॥ असे लिहिले की अडीच वाचावयाचे. हे पाढे शाळांतून गेले, आणि दशमान पद्धतीत त्यांचे काम उरले नाही असे मानले गेले. आमचे मत निराळे आहे. एकर-गुंठ्यांचे दशांशात रूपांतर करावयाचे असेल, तर अडीचकीइतके चांगले हत्यार नाही. गुंठ्यांची अडीचपट केली की एकराचे शतांश मिळतात. दहा गुंठे, दहा अडीच पंचवीस, म्हणून ०.२५ एकर. तीस गुंठे, तीस अडीच पंचाहत्तर, म्हणून ०.७५. पंधरा गुंठ्यांचे साडेसदतीस शतांश, म्हणजे ०.३७५. एवढे केल्यावर मग खुशाल मोबाइल काढावा. आता यंत्र बरोबर उत्तर देईल. ज्या घरात आजीस अद्याप अडीचकी पाठ आहे, तेथे मुलांनी ती एका संध्याकाळी ऐकून घ्यावी. ती एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात, अशी चढत जाते, आणि तिची चाल कानास गोडही लागते.

टिंब आहे पण दशांश नाही, अशी उदाहरणे आणखीही आहेत. क्रिकेटचे वेड असलेल्या मुलांस १९.३ षटके म्हणजे एकोणीस षटके व तीन चेंडू, अर्थात साडेएकोणीस षटके, हे न शिकविता समजते. मग त्याच मुलांस गुंठ्यांचे टिंब समजावयास जड जाऊ नये. ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत २.४० लिहिलेले असते. ते दोन तास चाळीस मिनिटे. तासाचा दर नऊशे धरला तर त्याचे २,४०० होतात. टिंबास दशांश समजून गुणाकार केला तर २,१६० येतात. येथे ट्रॅक्टरवाल्याचे नुकसान आहे, आणि त्याचेही नुकसान होता कामा नये.

आता खऱ्या दशांशाकडे वळू. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. येथील शेतकऱ्यास वर्षातून एकदा बाजार-यार्डात ज्या दोन आकड्यांपुढे उभे राहावे लागते ते दोन्ही दशांशाचे असतात, एक काट्यावरचा आणि दुसरा ओलावा मोजणाऱ्या मीटरवरचा. काट्यावरचा आकडा सोपा आहे, कारण शंभर किलोंचा क्विंटल. पण येथेही शून्य फसविते. १२.५ म्हणजे बारा क्विंटल पन्नास किलो, १२.०५ म्हणजे बारा क्विंटल पाच किलो. वाचताना दोन्ही ‘बारा पॉइंट पाच’ असेच वाचणारी माणसे आहेत. दोहोंत पंचेचाळीस किलोंचे अंतर आहे, आणि २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव होता, त्या दराने ते ३,३८४ रुपये ४५ पैशांचे अंतर होते. म्हणून पावती हाती आली की टिंबापुढचे पहिले घर दहा-दहा किलोंचे व दुसरे घर एकेका किलोचे, हे मनाशी म्हणून मगच ती घडी करावी.

मीटरचा हिशेब थोडा खोल आहे. भारतीय कापूस महामंडळ शेकडा आठ टक्के ओलाव्याच्या कापसास पुरा हमीभाव देते. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावाचा शेकडा एक कापला जातो, आणि बाराच्या वर ओलावा असेल तर खरेदी होत नाही. ७,५२१ चा एक टक्का म्हणजे ७५ रुपये २१ पैसे. शंभराने भागावयाचे म्हणजे टिंब दोन घरे डावीकडे सरकवावयाचे, एवढेच. तेव्हा अकरा टक्के ओलाव्यास तीन टक्के, म्हणजे २२५ रुपये ६३ पैसे कापले जाऊन ७,२९५ रुपये ३७ पैसे हाती यावयास हवेत. ह्या कापणीस कित्येक शेतकरी दंड समजतात. तो दंड नव्हे. क्विंटलमागे एक टक्का ओलावा म्हणजे एक किलो पाणी, आणि पाण्यास कापसाचा भाव कोणी देणार नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

परंतु मीटरने चौदा दाखविले तर काय करावे? गाडी भाड्याची असते, रात्र यार्डात काढावयाची असते, आणि खासगी व्यापारी शेजारीच उभा असतो. समजा, तो ६,५०० देतो म्हणाला. द्यावा की परत नेऊन वाळवावा? मीटरवरील टक्का एकूण वजनाचा धरला, तर शंभर किलोंत चौदा किलो पाणी व शहाऐंशी किलो कोरडा माल आहे. वाळवून ओलावा आठ टक्क्यांवर आणला की तेच शहाऐंशी किलो नव्या वजनाच्या ब्याण्णव टक्के होतात. ८६ भागिले ०.९२ केले की साडेत्र्याण्णव किलोंच्या किंचित खाली, ९३.४८ किलो वजन भरते. (चौदातून आठ गेले म्हणजे चौऱ्याण्णव किलो राहिले, असे घाईने म्हणू नये, पाणी गेल्यावर शंभर हेच शंभर राहत नाही.) हमीभावाने त्याचे सुमारे ७,०३० रुपये होतात. व्यापाऱ्याच्या भावाहून क्विंटलमागे पाचशे तीस रुपये अधिक. वीस क्विंटलांची गाडी असेल तर दहा हजार सहाशे. त्यातून जाण्यायेण्याचे भाडे, वाळवण्याची मजुरी व हवामानाची भीती वजा घालून ज्याने त्याने आपला निर्णय घ्यावा. आम्ही एवढेच म्हणतो की, हा निर्णय यार्डात उभ्या उभ्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहून घ्यावयाचा नाही. घरून निघण्यापूर्वीच कागदाच्या एका चतकोरावर तो मांडून ठेवावयाचा.

येथवर दशांशाने आपले काम चोख बजावले. पण काही अपूर्णांक असे आहेत की ते दशांशाच्या पिशवीत मावतच नाहीत. एक तृतीयांश हा त्यांतला मुख्य. ०.३३३… असे तीन कितीही लिहीत गेले तरी थोडे उरतेच. हा केवळ शाळेतला चमत्कार नाही. ख्रिस्ती कुटुंबांस तो फार जवळचा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्र न करता वारला व मागे पत्नी आणि मुले असली, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश पत्नीस आणि दोन तृतीयांश मुलांस मिळतो. मुलांच्या वाट्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही, सर्वांस सारखे. आता २.१० एकर-गुंठे जमीन आहे असे धरू. मोबाइलने २.१० ला तिनाने भागले तर ०.७० येते. सत्तर गुंठे म्हणावे तर ते पावणेदोन एकर झाले, आणि शून्य पूर्णांक सात दशांश एकर म्हणावे तर ते अठ्ठावीस गुंठे झाले. दोन्ही चूक. दोन एकर दहा गुंठे म्हणजे नव्वद गुंठे. आईचे तीस, राहिले साठ. चार मुले असतील तर प्रत्येकी पंधरा. एका ओळीचे गणित आहे. पण ते ओटीवर सर्वांसमक्ष, मोठ्याने, गुंठ्यांतच केले पाहिजे. धाकट्या बहिणीस नंतर सांगू, असे म्हणून ठेवलेले गणित बहुधा तिला कधीच सांगितले जात नाही. क्षेत्रास तिनाने भाग जात नसेल, उदाहरणार्थ एकच एकर असेल, तर वाटणीपत्रावर तेरा गुंठे व एक तृतीयांश गुंठा असे अक्षरांत लिहावे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद. त्याची तिसरी पट्टी अकरा फुटांची होते. मोजणीदारास ती आखता येते, यंत्रास लिहिता येत नाही.

असाच एक हट्टी अपूर्णांक आमच्या जिल्ह्यातील जुन्या पिढीने जन्मभर वागविला. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, आणि पैनगंगेच्या व वर्धेच्या पलीकडे इंग्रजी कलदार. सात हालींस सहा कलदार, असा दर होता. सप्तमांशाचे दशांशही कधी संपत नाहीत. सहा सप्तमांश म्हणजे ०.८५७१४२ आणि पुन्हा तेच सहा आकडे, अनंत काळपर्यंत. पण सीमेवरच्या बाजारात मिरची विकणाऱ्या बाईस दशांशाची गरज नव्हती. हालींचे कलदार करताना सातवा हिस्सा काढावयाचा, आणि कलदारांचे हाली करताना सहावा हिस्सा घालावयाचा. सातशे हालींतून शंभर काढले, सहाशे कलदार झाले. सहाशेंत त्यांचा सहावा हिस्सा, शंभर, घातला, पुन्हा सातशे. जो परत येतानाही सातवाच हिस्सा घाली, त्यास सहाशेंवर पंच्याऐंशी रुपये अकरा आणे व काही पै एवढेच मिळत आणि तो चौदा रुपयांहून अधिक गमावून बसे. हाली नाणे १९५९ साली व्यवहारातून पूर्ण गेले. परंतु काढताना एक हिस्सा व घालताना दुसरा, हे कोडे गेलेले नाही. दुकानदार शंभराच्या लुगड्याचा भाव शेकडा वीस चढवितो आणि सणाच्या दिवशी शेकडा वीस सूट देतो. एकशे वीसमधून चोवीस गेले, उरले शहाण्णव. लुगडे चारच रुपयांनी स्वस्त झाले, पाटीवर मात्र वीस झळकतात.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, तेव्हाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे, म्हणून आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कोठून द्यावयाचा? म्हणून कोष्टकात आण्यास सहा पैसे धरले, आणि तीन आण्यांस, पावणेएकोणीसाऐवजी, एकोणीस. त्यामुळे एकेक आण्याची वस्तू तीनदा घेणारा अठरा पैसे देई आणि तिन्ही एकदम घेणारा एकोणीस.

सोन्याच्या बाबतीत जुने व नवे माप ह्यांचा गोंधळ अद्याप चालू आहे, आणि येथे तो महागात पडतो. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. आजीने आपल्या लग्नातली तीन तोळ्यांची माळ म्हणून सांगितले, ती दशमान मापे येण्यापूर्वीची असेल, तर तिचे वजन पस्तीस ग्रॅम, म्हणजे आजचे साडेतीन तोळे भरावयास हवे. झिजेचे थोडे वजा जाईल ते निराळे. तिन्ही सुनांनी ‘तीन तोळे’ ह्या शब्दावर वाटणी मान्य केली, तर अर्धा तोळा कोणाच्या तरी मुठीत मुकाट्याने जातो. म्हणून जुना दागिना नेहमी ग्रॅमवर तोलून घ्यावा, व पावतीवर टिंबापुढचे आकडेही लिहवून घ्यावेत.

टिंबापुढच्या आकड्यांची उपेक्षा केली तर काय होते, ह्याचा एक दाखला ख्रिस्तसभेच्या इतिहासातही आहे. ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष तीनशे सव्वापासष्ट, म्हणजे ३६५.२५ दिवसांचे धरीत. खरे सौर वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे. अंतर वर्षाला अकरा मिनिटांचे. कोण लक्ष देतो? पण ३२५ सालच्या नायसियाच्या महासभेपासून १५८२ पर्यंत त्याचे दहा दिवस साचले, आणि वसंतसंपात व त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण हे जागेवरून ढळू लागले. तेराव्या ग्रेगरी पोपमहाशयांनी त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आणला. अविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री निवर्तली, म्हणून तिचा सण १५ तारखेस येतो. पुढे चारशे वर्षांत शंभराऐवजी सत्त्याण्णव लीप वर्षे ठरली. १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते, ते ह्याच कारणाने. वर्षाचे मान ३६५.२४२५ झाले. ही सुधारणा जगास पटवून देणारे येशूसंघीय गणिती क्रिस्तोफर क्लावियुस हेच १५९३ साली आपल्या कोष्टकांत दशांशाचे टिंब छापणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होत. अलीकडे, २०२४ साली, इतिहाससंशोधकांनी दाखवून दिले की त्यांच्याही आधी दीडशे वर्षे, १४४० च्या दशकात, व्हेनिसचा जोव्हानी बियान्कीनी ते टिंब वापरीत होता. बियान्कीनी मूळचा व्यापारी. हे वाचून आम्हांस काही आश्चर्य वाटले नाही.

शेवटी एक गोष्ट घरातील आयांसाठी व फवारणी करणाऱ्या मुलांसाठी, आणि ती पैशांची नव्हे. औषधाच्या बाटलीवर ०.३ मिलिलीटर दर लिटर पाण्यास, असे लिहिलेले असेल, तर पंधरा लिटरांच्या पंपास साडेचार मिलिलीटर लागते. टिंब पुसट छापलेले असले व तीन वाचले, तर पंचेचाळीस पडते, दहापट विष. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि त्यात टिंबाचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. पण विष अंगावर येते तेव्हा ते किती दाट कालवले होते, ह्यास महत्त्व असते. औषध बाटलीच्या झाकणाने मापणे बंद करावे; खुणांची मापनळी मिळते, ती घ्यावी, आणि ती स्वयंपाकघरात आणू नये. तान्ह्या मुलाच्या पातळ औषधावर २.५ मिली लिहिलेले असते. ते मोठ्याने ‘अडीच’ असे वाचावे. अडीच म्हटल्यावर हात पंचवीसकडे जाऊच शकत नाही. डॉक्टर व सिस्टर लिहून देतात तेव्हा अर्धा मिली असेल तर आधी शून्य घालून ०.५ असे लिहून मागावे, नुसते .५ नको, कारण एकटे टिंब दिसत नाही. आणि पाच मिली असेल तर ५ एवढेच असावे, ५.० नको, नाही तर पन्नास वाचले जाते.

मुलामुलींसाठी ह्या आठवड्याचे उदाहरण असे : एका गृहस्थाची बेल्याकडे ३.१५ एकर-गुंठे व पैनगंगेपलीकडे ०.६१ हेक्टर-आर अशी जमीन होती. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच असले तरी एकसष्ट आर म्हणजे मोजून साठ गुंठे धरावेत. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली आहेत. प्रत्येकाचा वाटा एकर-गुंठ्यांत काढा. मोबाइलला हात न लावता. उत्तर पुढील अंकी.